शांताबाईचे टाके

माझी नात नेहा परवा बाळंत झाली. दवाखान्यातून घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी कण्हत कण्हत कुशीवर वळून मला विचारते, "आजी, तुझ्या वेळी टाक्यांवर घरी काय करायचे?" मी घडाघडा सांगितलं. कडुनिंबाच्या पाण्यात बसायचं, ओव्याची धुरी घ्यायची, तुपात हळद कालवून लावायची, जवसाचं तेल कोमट करून बोटानं टिपायचं, आळिवाची खीर खायची म्हणजे पोट साफ राहतं आणि जोर करावा लागत नाही. तिनं सगळं मोबाईलमध्ये उतरवून घेतलं. वर म्हणाली, "आजी, तू तर डॉक्टरीणच आहेस!" मी पाणी आणायचं निमित्त करून उठले. उपाय खोटे नाहीत, बाई. पण ते मी कुठं शिकले, हे त्या ओल्या बाळंतिणीला सांगायची माझी छाती झाली नाही. आता दुपारची वेळ आहे, दोघी मायलेकी झोपल्या आहेत, तर लिहून टाकते.

तेव्हा आम्ही नागपूरच्या कोष्टीपुऱ्यात राहत होतो. घर म्हणजे पुढं एक लांबोळी खोली, मागं स्वयंपाकाचा काळोखा कोपरा, त्याच्या मागं परसदार आणि तिथं एक कडुनिंब. पुढची खोली आमची नव्हतीच, ती मागाची होती. बाबा खड्ड्यात पाय सोडून सकाळी बसायचे ते दिवेलागणीलाच उठायचे. धोटा इकडून तिकडं पळायचा, फणी आपटायची, आणि त्या खटखटीवर आमचं सगळं घर चालायचं. खटखट थांबली की आम्ही जिथं असू तिथून मान वर करायचो, कारण एक तर धागा तुटलेला असायचा नाही तर बाबांना चहा हवा असायचा. चुलीवर एका बाजूला खळ शिजायची, सुताला लावायला, तांदळाच्या कण्यांची. तो आंबूस वास आमच्या केसांना, गोधड्यांना, भाकरीलासुद्धा असायचा. शाळेत पोरी मला खळकुटी म्हणायच्या. मीही काही कमी नव्हते, मी त्यांच्या वेण्या ओढायची.

माय मागावर बसत नसे, पण सुतातलं जेवढं कठीण काम तेवढं तिचं. ताण्याचा धागा तुटला की तिनं बोटाला थुंकी लावून दोन टोकांना असा पीळ द्यावा की बाबांनासुद्धा नंतर जोड सापडू नये. गल्लीत कुणाच्या सुताचा गुंता झाला की बोलावणं मायलाच यायचं. ती गुंता मांडीवर घेऊन बसायची, पाच-दहा मिनिटं नुसती पाहायची, आणि म्हणायची, "गुंत्याले ओढाचं नाही वं. टोक शोधाचं. टोक सापडलं का सारा धागा आपोआप सुटते." आणि खरंच सुटायचा. मला त्या बोटांचा फार अभिमान होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते त्याच बोटांनी झालं.

शांताबाई माझी थोरली बहीण. मी तिला नुसतं बाई म्हणायची. उमरेडला दिली होती, तीही माणसं विणकरच. पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली. दिवस भरले, कळा सुरू झाल्या, सुईण भागीबाई आली, एक दिवस गेला, दुसरा गेला, पोर काही बाहेर येईना. भागीबाई मोठी खमकी, पण तीसुद्धा शेवटी कपाळाला हात लावून म्हणाली, "माह्या हातचं नाही आता, टांगा बोलवा." मग दवाखाना. तिथं मुलगी झाली, चांगली ठणठणीत. बाई मात्र फाटली आणि तिला टाके घालावे लागले. आमच्या गल्लीत टाके पडलेली ती पहिलीच. मायला ते पटतच नव्हतं. "मले सहा झाले, दोन हाती लागले, पण एका येळीबी सुई लागली नाही. माणूस का लुगडं आहे, टाके घालाले?"

दवाखान्यातली नर्स जबलपूरकडची, हिंदी बोलायची. तिचं म्हणणं होतं की आठ दिवस बाळंतिणीला तिथंच राहू द्या, टाके निघाले की न्या. पण पाचवी पुजायची होती. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते, ती काय दवाखान्यात पत्ता विचारत येणार? माय हट्टाला पेटली. शेवटी नर्स चिडली, म्हणाली, "ले जाओ, लेकिन आठवें दिन टाँके निकलवाने आना. जरूर आना." एक चिठ्ठीही दिली तिनं. बायकांत कुणाला वाचता येत नसेल म्हणून व्हरांड्यात उभ्या असलेल्या बाबांच्या हातात दिली. मी डबा घेऊन त्यांच्याजवळच उभी होते. बाबा चौथी शिकलेले. त्यांनी ती वाचली, त्यांचे कान लाल झाले, आणि चिठ्ठी घडी करून टोपीत खोचली. मला वाचू दिली नाही. मला वाचता येत होतं, मी सातवीत होते!

बाईची बाज मागल्या कोपऱ्यात घातली, मधे जुन्या लुगड्याचा पडदा. बाजेच्या दोऱ्या मधोमध जरा ढिल्या केल्या आणि खाली शेगडी. त्या शेगडीची मालकीण मी. शाळा बंद, कारण घरात दुसरं कोण होतं? गोवरीचे निखारे पाडायचे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग आणि लसणाची सालं टाकायची, आणि धूर बरोबर मधल्या ढिल्या जागेखाली येईल असं फुंकायचं. माझे डोळे सुजून बोरं झाले होते. सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाचा पाला उकळून, मूठभर मीठ टाकून, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, घमेल्यात पाणी काढायचं. बाई माझ्या आणि मायच्या खांद्यावर हात टाकून त्यात बसायची. पाणी लागलं की आधी दात-ओठ आवळायची आणि मग हळूहळू तिचा चेहरा सैल व्हायचा. "बरं वाटते वं," असं म्हणायची. तेवढी दहा मिनिटं आम्हा तिघींनाही बरं वाटायचं.

बाकी दिवसभर हालच होते. तिला बसता येईना, म्हणून बाळाला पाजायचं ते आडवं पडून. परसदारी जायची तिला एवढी धास्ती की तिनं खाणंच सोडलं. माय डिंकाचे लाडू करून उशाशी ठेवायची, आळिवाची खीर वाटीत घालून तोंडाशी न्यायची. बाई तोंड फिरवायची. माय ओरडायची, "खाशीन नाही त् दूध कोठून येईन? पोरगी काय हवा पेईन?" मग बाई रडत रडत दोन घास गिळायची. पडद्यापलीकडं माग चालूच असायचा. बाबांना एवढंच माहीत की शांतीच्या पोटात दुखतं. पोटात दुखतं, हेच सांगायचं ठरलेलं होतं. त्या घरात त्या जागेला नावच नव्हतं, मग तिथल्या दुखण्याला कुठून असणार?

सातव्या दिवशी जावईबुवा उमरेडहून पोरीचं तोंड पाहायला आले. माणूस भला, पण अक्कल बेताची. काय आणावं? गोणीभर भिवापुरी मिरची! बाळंतिणीच्या घरी, जिथं फोडणीसुद्धा परसदारी दार लावून द्यायची! गोणी पुढच्या खोलीत टेकवली मात्र, आणि त्या खकाण्यानं बाईला शिंका सुरू झाल्या. शिंका देणं म्हणजे काय हे टाके असलेल्या बाईलाच ठाऊक. प्रत्येक शिंकेला ती किंचाळायची. जावईबुवा पडद्याबाहेर उभे, म्हणतात, "पडसं झालं का हिले?" आज लिहिताना हसू येतं. तेव्हा मी ती गोणी ओढत गल्लीत नेऊन टाकली आणि त्यांच्यावर अशी डाफरले की बाबांनी मागावरून मला दटावलं.

आठवा दिवस उजाडला. दवाखान्यात जायचं होतं. पण बारा दिवस झाल्याशिवाय बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. वारं लागतं, बाधा होते, शिवाय सोयर. दवाखान्यातून घरी आणली ते पाचवीसाठी, ते वेगळं. आता पुन्हा बाहेर काढायची म्हणजे गल्ली काय म्हणेल? माय सकाळपासून आत-बाहेर करत होती. बाई म्हणत होती, "माय, धागा रुतून राहिला वं, काढ न कसाबी." दुपारी माय उठली. सूत कापायची कात्री तिनं निखाऱ्यावर धरली, राखेनं घासली, निंबाच्या पाण्यात बुडवली. मला म्हणाली, "कुसमे, आरसा घे. परसदारातून ऊन पाड इथं. धागाच त् आहे. साऱ्या जन्मात म्या दुसरं काय केलं?"

मी आरसा धरला. उन्हाचा कवडसा थरथरत होता आणि माय दातओठ खाऊन म्हणत होती, "हात काहून हालवते? सरळ धर." सूज इतकी होती की काही ओळखू येत नव्हतं. मायनं गुंता पाहावा तसं पाहिलं. मग तिला गाठ दिसली. कात्रीचं टोक घातलं, एकदाच कच् झालं, बाई कळवळली, आणि मायच्या चिमटीत बोटभर काळा धागा आला. माय तो धागा हातात धरून बसली आणि एकदम रडायला लागली. "सुटली माही पोर! टोक सापडलं का सारा सुटते, सांगतलं होतं न?" तिनं बाईच्या कपाळाचा मुका घेतला. मग शेजारी सगळीकडं गूळ वाटून आली. शिवणीत धागा एकच असतो, गाठ एकच असते, हेच तिला ठाऊक. दवाखान्यात एकेक टाका वेगळा घालतात, वेगळी गाठ मारतात, हे तिला कोण सांगणार होतं?

मी पाहिलं होतं. आरशाचं ऊन हललं तेव्हा सुजेच्या घडीत, खालच्या अंगाला, तिळाएवढं काळं काहीतरी दिसलं. वाटलं, खपली असेल. पण संध्याकाळी घमेल्यात बसवताना वाकून नीट पाहिलं. टोक होतं. त्याच्या खाली आणखी एक. माय चुलीपाशी होती. मी बाईच्या कानाशी लागले, "बाई, आणखी धागे आहेत वं आत." बाई घमेल्यात बसल्या बसल्या डोळे मिटून होती. म्हणाली, "चूप. तिले सांगू नको. पाह्य किती खूश आहे ते. गूळ वाटून आली बिचारी. आपोआप पडतीन ते." आणि मी चूप बसले. मोठी बहीण सांगते आहे, माय कधी नव्हे ती हसते आहे, आणि आता पुन्हा ती कात्री, तो आरसा, बाईचं ते कळवळणं... मला तरी कुठं पुन्हा पाहायचं होतं? खरं ते लिहिते. मला पुन्हा आरसा धरायचा नव्हता.

नवव्या दिवशी ठणका वाढला. दहाव्या दिवशी ताप चढला आणि पडद्यामागं एक वास यायला लागला, ओव्यानंही न झाकणारा. मायनं सगळे उपाय दुप्पट केले. निंबाचं पाणी दोनदाऐवजी चारदा, हळद इतकी की अंथरूण पिवळंधमक, धुरी इतकी की बाळसुद्धा खोकायला लागलं. भागीबाई आली, जवसाचं तेल लावून गेली, जाताना म्हणाली, "बाहेरचं लागलं पोरीले." मग मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, उतारा टाकून झाला. माय मला म्हणायची, "फुंक वं, नीट फुंक, धूर कमी पडून राहिला." आणि मी फुंकत होते. ज्या उपायांनी काही होणार नाही हे मला ठाऊक, ते सगळे उपाय माझ्याच हातांनी करत होते. मी सांगायला तोंड उघडायची, आणि बाई नुसते डोळे वटारायची. मग अकराव्या दिवशी सकाळी तिनं डोळे वटारले नाहीत. तिनं मला ओळखलंच नाही. मला माय म्हणाली, मायला भागीबाई म्हणाली. बाळ उराशी लावलं तर दूध नव्हतं.

माय देवाजवळ डोकं आपटत होती. तिला सांगून आता काय व्हायचं होतं? ती पुन्हा कात्री घेऊन बसली असती. मी पडदा बाजूला केला आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले. बापाशी असलं बोलायचं नसतं. कसं बोलायचं तेच येत नव्हतं मला, शब्दच नव्हते. मग मागाकडं पाहिलं आणि सुचलं ते बोलले, "बाबा, मायनं एकच गाठ तोडली. बाकीच्या गाठी आतच आहेत."

धोटा तिथंच थांबला. बाबांनी खड्ड्यातून पाय वर घेतले, उभे राहिले, मागाच्या वरच्या बांबूत बोट घातलं आणि एक घडी केलेली चिठ्ठी काढली. तीच. टोपीतून ती इथं आली होती, आणि इतके दिवस त्यांच्या डोक्यावर होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली. नर्सनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मराठीचं आणि हिंदीचं कडबोळं: टाके चार. आठवे दिन निकालना. मी वर पाहिलं तर बाबा म्हणाले, "म्या वाचलं होतं वं. चार. बायकाईचं काम म्हणून बोललो नाही." मग ते अनवाणीच टांगा आणायला पळाले. पडद्यामागून मायनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली. उंबरा, वारं, सोयर, काही तिच्या तोंडून निघालं नाही. तिनं बाईला गोधडीत गुंडाळलं.

दवाखान्यात तीच नर्स होती. तिनं बाईला पाहिलं आणि मायला पडद्याआड असं फैलावर घेतलं की बाहेर व्हरांड्यात आम्हाला ऐकू आलं. "चार टाँके थे! एक निकाला, बाकी तीन अंदर सड़ रहे हैं! किसी ने गिना नहीं?" मायला हिंदी नीट येत नसे, पण हे कळलं. ती बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली आणि आपल्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून त्यांच्याकडं पाहत राहिली. बाबा दुसऱ्या टोकाला. मी मधे बसले होते, मांडीवर भुकेनं रडणारी पोर, आणि तिच्या तोंडात माझं बोट. बारावा दिवस तिथंच उगवला. बारसं राहिलं ते राहिलंच. पुढं दीड महिन्यानं पोरीचं नाव ठेवलं, तेही पाळण्याशिवाय, कानात सांगून.

बाई वाचली. रोज सुया, रोज धुणं-पुसणं, महिनाभर दवाखाना. पण जिथं फाटलं होतं ते वेडंवाकडं भरलं. नंतर तिला जन्मभर सरळ मांडी घालून बसता आलं नाही. विणकराच्या घरातली बाई ती, सगळी कामं जमिनीवर बसून. चरख्यापाशी ती एका अंगावर कलून, खाली गोधडीची घडी घेऊन बसायची. पुन्हा मूलही झालं नाही. सासरच्यांनी काय काय बोलून घेतलं ते मी इथं लिहीत नाही. जावईबुवांनी मात्र दुसरी केली नाही. म्हटलं ना, माणूस भला होता.

मायनं त्यानंतर कुणाच्या गुंत्याला हात लावला नाही. बोलावणं आलं की म्हणायची, "डोळे गेले माहे." डोळे शाबूत होते. एक खोड मात्र तिला लागली. गल्लीतली कुणी दवाखान्यातून बाळंत होऊन आली की माय तिच्या दारात जाऊन बसायची. मुलगा की मुलगी, वजन किती, काही नाही. पहिला प्रश्न, "टाके किती?" पोरी लाजायच्या, सासवा तोंडाला पदर लावून हसायच्या, "म्हातारी सरकली वाटते." माय हलायची नाही. आकडा कळल्याशिवाय ती तिथून उठायची नाही, आणि आठव्या दिवशी पुन्हा जाऊन विचारायची, "निघाले? सारे निघाले? मोजले?"

पुष्कळ वर्षांनी एका दिवाळीत बाई माहेरी आली होती. आम्ही तिघी परसदारात निंबाखाली चरख्यांवर धोट्याच्या कांड्या भरत बसलो होतो, बाई कलून, तिच्या त्या घडीवर. माय पार थकली होती, बोटं कापायची. मधेच हात थांबवून म्हणाली, "शांते, त्या दिशी मले दिसलंच नाही वं. म्या पाहिलं, लई पाहिलं, पण नाही दिसलं." माय आमच्या दोघींकडं पाळीपाळीनं पाहत होती. "घरात दुसऱ्या कोणाले त्या दिशी दिसलं असतं, त् सांगतलं असतं न मले?"

"हाव माय," बाई म्हणाली.

"हाव," मीही म्हणाले.

मायनं मान डोलावली, तिला बरं वाटलं असावं. मग तिनं पुन्हा चरखा फिरवला, आणि आम्ही दोघी खाली मान घालून कांड्या भरत राहिलो.